आभाळातला मुराळी

मुंबईचं विमान सकाळी किन्हीराजा गावावरून नागपूरला जायचं आणि दुपारी तसंच परत यायचं. ते घरघरलं की गोजराबाई हातातलं काम टाकून अंगणात यायची. इथून तासाभराच्या आत ते नागपुरात टेकतं, हे तिला भावानंच सांगितलं होतं. शालिग्राम तिथं विमानांत पेट्रोल भरायच्या कामावर, आणि त्याच्याच घरी तिच्या मायनं अन्नपाणी सोडलेलं. तासाभराची वाट! अन् हिला उंबरा ओलांडायची सोय नाही.

का, तर मुराळी आला नाही. माहेरचा माणूस न्यायला आल्याबिगर सून धाडायची नाही, ही त्या घराची रीत. लढाईचे दिवस, शालिग्रामला सुट्टी मिळेना, म्हणून त्यानं नुसता सांगावा धाडला.

"सांगावा मंजे काही मुराळी नोय," सासरे उकंडराव म्हणाले. "लोक तोंडात शेण घालतीन."

लोकांना दुसरा धंदा नसतोच, पण उकंडरावांना त्यांचीच धास्ती. नवरा बबनराव बापापुढं ब्र काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी गोजराबाईनं पुरण शिजवलं. भर दुपारी अंगणात पाट मांडला, रांगोळी घातली, ताट वाढलं. शेजारणी गोळा झाल्या.

"हे कोनासाठी वं?" उकंडरावांनी विचारलं.

"मुराळ्यासाठी."

तेवढ्यात नागपूरकडून विमान आलं. तिनं वर बोट केलं. "माह्या भावानं पेट्रोल भरून धाडलं त्याले. आत्ता तासाभराआंधी माह्या मायच्या डोक्यावर होतं ते."

"इथं उतरते काय ते?"

"नाही उतरत. मनून मीच निंगाली. अडवा मले."

बाया पदराआड हसल्या. उकंडरावांचा पारा चढला. "लोखंडाचा मुराळी! मानूस पाह्यजे, मानूस!"

सासू कस्तुराबाई इतका वेळ दारात उभी होती. ती उतरून आली, पाटावर बसली आणि ताटातली पोळी मोडून खाऊ लागली. मुराळ्याचं ताट! गोजराबाई बघतच राहिली.

"काय करून राह्यली तू?" उकंडराव ओरडले. "तू तं सासरची."

"आज माहेरची," घास गिळून कस्तुराबाई म्हणाली. "मुराळ्याले या घरातून आजवर कोनी लेकीबिगर रिकामं धाडलं नाही, अन् तुमी बी धाडसान नाही. बबन, छकडा जुप."

बबनरावानं बापाकडं पाहिलं, मायकडं पाहिलं आणि बैल सोडून आणले.

कारंज्यापर्यंत छकडा, पुढं आगगाडी, मधे बडनेऱ्याला खोळंबा. विमानाच्या तासाला या दोघी सासू-सुनांना दोन दिवस लागले. पण माय होती. तिनं लेकीला ओळखलं, हात धरला आणि सोडलाच नाही.

गोजराबाईनं सासूला आत बोलवायला मान वळवली. कस्तुराबाई दाराशीच बसली होती, तोंडात पदर कोंबून रडत. तिची स्वतःची माय गेली तेव्हा तिला न्यायला कोणी आलं नव्हतं, आणि ती सासरी चुलीपुढं भाकरी थापत राहिली होती.