वायुमहाराजांचा जिताडा

गव्हाणच्या समाजमंदिरात गर्दी अशी, की आत शिरलेल्या डासांना माणसापर्यंत पोचता येईना; बिचारे एकमेकांना चावून परत जात होते. कारणही तसंच होतं. वायुमहाराज हवेतलं पाप पकडून दाखवणार होते.

व्यासपीठावर पत्र्याचं कपाट, कपाटाला पंखा, पंख्याला झेंडूची माळ.

"भक्तांनो!" महाराज माइकवर गरजले. "धरतीमातेला ताप का आला? हवेत कार्बन नावाचा असुर माजला म्हणून! परदेशी शास्त्रज्ञ त्याला पकडायला डोंगराएवढी यंत्रं लावतात. आम्ही मंत्र लावतो. मंत्र अधिक मोटर!"

पंखा घरघरला. महाराजांनी हातमोजा चढवून कपाटातून एक पांढराशुभ्र, वाफाळता दगड काढला. परातीतल्या पाण्यात टाकताच तो खदखदला आणि दाट धूर परातीवरून उतरून जमिनीवर पसरला.

"बघा, असुर कसा लोळण घेतोय!"

टाळ्यांनी पत्रे हलले.

सगळ्यांत पुढे रंभा होती. रंभा गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिच्या तोंडून धवल्याचं गाणं निघाल्याशिवाय हळद लागत नसे. पण अलीकडे दम्यामुळे गाताना मध्येच धाप लागायची, आणि वैशाखात तिच्या भावेशचं लग्न होतं. बहिणीच्या माघारी तिनेच वाढवलेला हा भाचा. त्याच्या हळदीला आपला आवाज तुटू नये, एवढंच तिचं मागणं. महाराज गावात आले तेव्हाच तिला म्हणाले, "यंत्रापुढे बसून शुद्ध वायू घे, औषधाचा पंप सोड." महाराजांचा सेवेकरी झालेल्या भावेशनेच तिच्या हातातला पंप घेऊन खाडीत भिरकावला. धवलारीण बसते म्हटल्यावर गावातले सगळे दमेकरी बसू लागले.

महाराज म्हणे फक्त फळं खात. पण रोज सकाळी भावेश थर्माकोलची पेटी घेऊन मागच्या दाराने आत जाई. मोठ्या माणसाला खाडीतला जिताडा मासा नेऊन द्यायचा, ही तर इकडची रीतच. मग तो साहेब असो, नाहीतर पुढारी. "खाऊ दे की गुपचूप," रंभाची शेजारीण मालू म्हणायची, "महाराज जाला म्हणून जीभ काय गहाण टाकलीन?" त्यांचं गुपित आपल्याला कळलंय, या आनंदात गावाने ते जिवापाड सांभाळलं. पेटी उघडून बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या दिवशीच्या गर्दीत खांदा कॉलनीतून हेप्झिबाबाई आल्या होत्या. भावेशला विज्ञान शिकवलेल्या बाई. रंभाकडून लोणच्याचं मीठ न्यायला यायच्या. मीठ राहिलं बाजूला, त्या इथे येऊन बसल्या.

"दारं लावा!" महाराज म्हणाले. "शुद्ध वायू निसटेल!"

रंभा जमिनीवर मांडी घालून बसली. तिच्याभोवती पराती खदखदू लागल्या. धूर छातीपर्यंत चढला, गळ्याशी आला. पुढ्यातली समई फडफडली आणि विझली.

"ज्योतीने नमस्कार केला!" महाराज ओरडले.

रंभाची मान एका बाजूला कलली.

"दारं उघडा!" बाई किंचाळल्या. "आधी दारं!"

चौघांनी रंभाला उचलून ओट्यावर आणलं. ओठ निळे पडले होते.

"हिचा पंप कुठाय?"

भावेशने खाडीकडे बोट दाखवलं. तेव्हा म्हाताऱ्या तुळशीरामने लाजत कमरेचा पंप काढला. "मी फेकला नव्हता, बाई. सगली बोलतात बरा जालो, मंग आपून कसा नाय बोलायचा?"

रंभाचा श्वास परतला, तशा बाई आत गेल्या आणि पेटी घेऊन आल्या.

"उघडू नका," मालू कुजबुजली. "जिताडा हाय. महाराजांची लाज जाईल."

बाईंनी झाकण काढलं. आत कागदात गुंडाळलेले तेच पांढरे दगड.

"हा कोरडा बर्फ. कारखान्यात विकत मिळतो. गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. पृथ्वी तापतेय हे खरं, हवेतून हा वायू पकडता येतो हेही खरं. पण हवेच्या दहा हजार भागांत तो जेमतेम चार भाग असतो. या हॉलभर हवेतून सगळा गाळला तरी मूठभर दगड होईल, आणि त्याला रसायनं, उष्णता, ढीगभर वीज लागेल. यांनी हवेतून काहीच काढलं नाही. उलट बाहेरून आणून तुमच्या हवेत सोडलं. हा वायू जड, तो खाली साचतो. समई त्यात गुदमरली. पुढचा नंबर रंभाचा होता."

पळू बघणारे महाराज कुंपणावर सापडले. त्यांना पकडायला मोटर लागली नाही.

"मावशे," भावेश पुटपुटला, "मना वाटला, लोकांना बरा वाटतं, त्यात कुनाचा काय जातंय..."

"पेटीत काय हाय, तुला ठाव व्हता?"

त्याने मान डोलावली.

"आन् तरी माजा पंप तूच फेकलास." रंभाने तोंड फिरवलं. "गावाला त्या महाराजानं फसवला. मना तू."

वैशाखात भावेशच्या हळदीचा दिवस आला. मांडव धवल्यासाठी थांबला. औषधाने रंभाचा श्वास आता मोकळा होता. ती उठली, पण गायली नाही.

"माज्याकडं बघून तुमी तिथं बसलात," ती म्हणाली. "ती चूक परत करू नका. कुनी मोठा सांगतो, आपला मानूस सांगतो, म्हणून खरा मानू नका. इचारा. दाखव म्हणा. आन् रागावला, तर तितून उठा. डॉक्टरचा औषद कुनाच्या सांगन्यावरून सोडू नका, माज्याबी नाय."

एवढं ती एका दमात बोलली. मग उलव्याहून आलेल्या धवलारणीला पुढे करून मागच्या रांगेत जाऊन बसली. भावेश पाटावरून तिच्याकडे बघत राहिला. दुसरीचा धवला सुरू झाला.