किकबाबा आणि बिनबॅटरीची गाडी

मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जुन्या मोटारसायकलींचा मेळावा म्हटला की एरवी चाळीसएक माणसं जमायची, त्यातली तीस दुसऱ्याच्या गाडीला नावं ठेवायला. त्या रविवारी मात्र पाचशे डोकी होती आणि सगळ्यांच्या नजरा मधल्या सतरंजीवर. सतरंजीवर साठ वर्षांची एक काळी मोटारसायकल उभी होती आणि तिच्या शेजारी, पांढऱ्या झग्यात, साक्षात किकबाबा.

बाबांनी खूण केली. चेल्याने गाडीची बॅटरी काढून डोक्यावर धरली आणि चारही बाजूंना फिरवून दाखवली. मग किल्ली काढून पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या हातात ठेवली.

"बॅटरी आहे?" बाबा गरजले.

"नाही!"

"किल्ली आहे?"

"नाही!"

"मग काय आहे?"

"कृपा!" पाचशे गळ्यांनी उत्तर दिलं.

बाबांनी टाकीवरून तीनदा हात फिरवला, हेडलाइटशी काहीतरी पुटपुटले आणि झगा सावरून किक मारली. पहिली फुकट गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या किकला गाडी अशी धडधडली की आजोबांच्या हातातली किल्ली खाली पडली. लोक अक्षरशः नाचायला लागले.

गर्दीत बाई उभ्या होत्या. एकतीस वर्षं नववीला विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. शेजारी त्यांचे धाकटे दीर डोळे पुसत होते.

"पाहिलंत वहिनी? बॅटरीशिवाय!"

"पाहिलं. पण भावजी, बॅटरीशिवाय चालते तर इतकी वर्षं ती बसवली कशाला होती? शोभेला?"

"तुमचं आपलं काहीतरीच," भावजी म्हणाले आणि टाळ्या वाजवायला लागले.

बाई घरी आल्या, पण ती गोष्ट डोक्यातून जाईना. वीज आल्याशिवाय ठिणगी पडत नाही, आणि ठिणगीशिवाय पेट्रोल पेटत नाही. मग वीज आली कुठून? कृपेचे व्होल्ट किती असतात हे काही पुस्तकात दिलेलं नव्हतं.

बाईंना या प्रश्नात रस असण्याचं कारण घरातच होतं. सासऱ्यांनी घेतलेली तशीच एक जुनी गाडी बाईंच्या यजमानांनी दुरुस्तीला काढली होती. अर्धं काम झालं आणि ते गेले. पुढची दोन वर्षं बाईंनी ती गाडी सोडली नाही. गंज घासला, रंग दिला, जुनं नोंदणी पुस्तक सासऱ्यांच्या ट्रंकेतून शोधून काढलं, सरकारी कचेरीत इतक्या खेपा घातल्या की शिपाई त्यांना चहा विचारायला लागला. इंजिनाचं काम म्हाताऱ्या मिस्त्रींनी आपल्या गॅरेजात केलं. आता पुढच्या सोमवारी तपासणी होती. गाडी स्वतःच्या पायावर कचेरीत पोचली आणि साहेबांसमोर सुरू झाली, तर जुनी गाडी म्हणून तिची नव्याने नोंद होणार. नाही झाली, तर अर्ज बाद. आणि बाईंनी मनाशी ठरवलं होतं की गाडी कचेरीत त्या स्वतःच चालवत नेणार. साठी उलटली म्हणून काय झालं?

बुधवारी किकबाबांचा चेला घरी टपकला. भावजींनीच बोलावलं होतं. "गाडीचं दर्शन घेतो," म्हणाला. भावजी पाणी आणायला आत गेले, बाई बाजारात होत्या. चेला गाडीपाशी पाच मिनिटं एकटाच होता. निघताना त्याने नोंदणी पुस्तकाची मात्र खोदून खोदून चौकशी केली.

गुरुवारी सकाळी बाईंनी किक मारली. गाडी ढिम्म. वीस किका झाल्या, गुडघा बोलायला लागला, गाडी काही बोलेना. मिस्त्री लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेलेले, शनिवारी येणार होते.

शुक्रवारी भावजी बाबांनाच घेऊन आले. बाबांनी इंजिनाला कान लावला आणि मोठा उसासा टाकला.

"मालक आत आहेत."

"कुठे आत?" बाईंनी विचारलं.

"सिलिंडरमध्ये. पिस्टन वर गेला की ते वर जातात, खाली आला की खाली येतात. बिचाऱ्यांना बाहेर पडायला वाट नाही."

"सायलेन्सर आहे की."

बाबांनी तिकडे दुर्लक्ष केलं. "ही गाडी घरात ठेवाल तर या घरातलं आणखी एक माणूस जाईल. गाडी आणि पुस्तक आश्रमाला अर्पण करा. रविवारी, सर्वांसमोर. पुस्तक सासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा तुम्हा दोघांच्या सह्या लागतील."

भावजींना रक्तदाब होता. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा गेल्यावर ते खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले. "दादा आत तडफडतोय, वहिनी. आपण त्याला असंच ठेवायचं?"

बाईंना भावजींचा राग आला नाही, बाबांचा मात्र आला. आपल्या माणसाच्या मरणाचं असं दुकान मांडलेलं त्यांना सहन होईना. पण त्यांनी मिस्त्रींची वाट पाहायचं ठरवलं.

शनिवारी मिस्त्री आले. रविवारचा चमत्कार ऐकला आणि पोट धरून हसले.

"अहो बाई, त्या काळच्या गाड्यांना मॅग्नेटो असतो! इंजिनाबरोबर आत चुंबक फिरतं, तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते, ठिणगी पडते. बॅटरी नुसती दिव्याला आणि हॉर्नला. किल्लीसुद्धा दिव्याचीच. बॅटरी काढा, किल्ली गिळून टाका, गाडी सुरू होणारच!"

बाईंनी कपाळावर हात मारला. एकतीस वर्षं फळ्यावर चुंबक आणि तारेचं वेटोळं काढलं, पोरांकडून पाठ करून घेतलं, आणि तेच आपल्या दारात उभं आहे याचा पत्ता नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग आपली का रुसली?"

मिस्त्रींनी मॅग्नेटोचं बोटाएवढं झाकण उघडलं. आत धातूचे दोन चिमुकले तुकडे असतात, पॉइंट म्हणतात त्यांना. ते एकमेकांना टेकतात, सुटतात, तेव्हा ठिणगी पडते. त्या दोघांच्या मध्ये कागदाची एक बारीक पट्टी खोचलेली होती. टेकायचेच बंद, तर ठिणगी कुठली?

बाईंनी पट्टी उलटून वाचली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"काढून टाकू?" मिस्त्रींनी विचारलं.

"छे! होती तशी परत खोचा. अर्पण करायची आहे ना गाडी? यथासांग करू."

मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली. बाबांना अर्पण झालेल्या दोन गाड्या त्यांनी परवाच परगावी एका व्यापाऱ्याच्या काचेमागे पाहिल्या होत्या, मूळ पुस्तकासकट, विकायला ठेवलेल्या.

रविवारी मैदान आणखी भरलं. बाबांनी बाईंच्या गाडीला दहा किका मारल्या, घाम पुसला आणि हात वर केले. "पाहा! मृतात्मा हट्टाला पेटलाय!" चेल्याने कागद पुढे केला. भावजींनी सही केली आणि पेन बाईंकडे दिलं.

"करते सही," बाई म्हणाल्या. आवाज नववीच्या वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "पण बाबा, आधी एक विनंती. भावजींची नवी गाडी तिथे उभी आहे. मिस्त्रींनी तिची बॅटरी काढून ठेवलीय. तेवढी कृपेने सुरू करून दाखवा."

बाबांनी झगा झटकला. "नव्या गाडीत आत्मा नसतो."

"का हो? अजून दात यायचेत?"

गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं. बाईंनी पर्समधून स्क्रूड्रायव्हर काढला, खाली बसल्या आणि झाकण उघडलं. बाबांचा चेला हळूच मागे सरकायला लागला, पण मागे मिस्त्री उभे होते.

"यजमान सापडले," बाई म्हणाल्या आणि चिमटीत धरून पट्टी वर केली. "फारच बारीक झालेत. आजोबा, तुम्ही वाचा."

मागच्या रविवारी किल्ली धरलेले आजोबा पुढच्याच रांगेत होते. त्यांनी चष्मा लावला. पट्टी बाबांच्याच जाहिरातीच्या पत्रकातून फाडलेली होती. चेल्याच्या खिशात दुसरा कागद नसावा. आजोबांनी मोठ्याने वाचलं, "'...बाबांच्या कृपेने सर्व अडथळे दूर होतात.'"

हशा असा उसळला की मागच्यांना काय झालं ते कळेना. बाईंनी गाडी सरळ केली, किकवर उभ्या राहिल्या. दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं. उद्याच्या तपासणीची काळजी मिटली. मग त्यांनी सगळ्यांना जुन्या गाडीतला मॅग्नेटो समजावून सांगितला, नवी गाडी बॅटरीवाचून का अडते ते सांगितलं आणि व्यापाऱ्याच्या काचेमागच्या दोन गाड्यांचीही हकीकत सांगितली.

किकबाबा तोवर आपल्या काळ्या गाडीवर बसून किका मारत होते. घाईत पेट्रोल जास्त सोडलं असावं, गाडी काही केल्या उठेना. पोरंटोरं मोजायला लागली. "अकरा! बारा! बाबा, कृपा संपली वाटतं!" आजवर गाड्या अर्पण केलेल्या अकरा माणसांनी सतरंजीला वेढा घातला, कोणीतरी पोलिसांना फोन केला, आणि बाबांना त्या दिवशी पोलिसांच्या गाडीतून जावं लागलं. ती बॅटरीवर सुरू होणारी होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण माणसं! एक आजी पुढे झाल्या, त्यांनी बाईंच्या गाडीवर फूल ठेवलं. दुसऱ्याने "बाईंच्या हाताला गुण आहे" म्हणून पायाला हात लावला. बघता बघता रांग लागली. रांगेत सगळ्यात पुढे भावजी, हात जोडून.

"चुकलो, वहिनी. खरी शक्ती तुमच्यात आहे!"

"भावजी!" बाई ओरडल्या. "एकाचे पाय सोडून दुसऱ्याचे धरायचे असतील, तर मी आज झक मारली! तुमचे दादा कुठे अडकले नाहीत. ते गेले. मला रोज आठवतात, तुम्हालाही आठवतात, एवढंच खरं आहे. आणि त्याच आठवणीवर हा माणूस हात मारणार होता."

त्यांनी इंजिन बंद केलं, ठिणगी पाडणारा प्लग तारेसकट काढून इंजिनाला टेकवून धरला. मिस्त्रींनी किक दाबली. निळी ठिणगी कडाडली.

"वाकायचं आहे ना? वाका. पण माझ्यापुढे नाही, इथे वाका. हे झाकण उघडं आहे. कोणी काही विलक्षण दाखवलं की आधी विचारा, हे कसं होतं? आणि उत्तर मिळेपर्यंत कुठेही सही करू नका."

भावजी गुडघ्यांवर बसले. डोळे पुसून त्यांनी झाकणाच्या आत डोकावून पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"वहिनी," ते म्हणाले, "हे चुंबक फिरल्यावर वीज नेमकी का तयार होते?"

बाई त्यांच्या शेजारी मांडी घालून बसल्या आणि शिकवायला लागल्या.