तिच्या मुठीतला रबरी फुगा

‘अगं, तुझी डावी पापणी उतरलीय. डॉक्टरांना दाखवून ये,’ सासूबाई म्हणाल्या होत्या.

‘आई, बाळ रात्रभर झोपू देत नाही. तुमच्या मुलाला एक रात्र जागवा, त्याच्या दोन्ही उतरतील!’ असं म्हणून तिने ते हसण्यावारी नेलं होतं.

मित्रांनो, हे एक तरुण आई सांगत होती टेक्निशियन ताईंना, पण मी तिच्या मुठीत होतो आणि तिचा घाम माझ्या अंगाला लागत होता. मी एक जुना रबरी फुगा आहे. जुन्या गाडीच्या भोंग्याला असतो तसा, लिंबाएवढा. माझ्या शेपटीला लांब नळी आहे. माणूस एमआरआय यंत्राच्या बोगद्यात सरकला की मी त्याच्या हातात असतो. भीती वाटली की मला दाबायचं. माझ्यातली हवा नळीतून धावत जाते आणि काचेपलीकडच्या खोलीत घंटी वाजते.

कारखान्यातल्या गरम साच्यातून बाहेर पडलो तेव्हा वाटलं होतं, कुठल्यातरी सायकलवर बसून पोंपों करत गावभर हिंडू. नशिबात आली ही थंडगार खोली. किल्ल्या, घड्याळ, बांगड्या, सगळं दाराबाहेर ठेवायचं. आत येते ती फक्त भीती. धट्टाकट्टा पैलवानही मला असा आवळतो, जणू मीच पळून जाणार आहे. यंत्राचं कौतुक करायला पाहुणे येतात. मला मात्र स्पिरिटने पुसून खुंटीला अडकवतात. एक टेक्निशियन ताई तेवढ्या रोज सकाळी, पहिला माणूस आत येण्याआधी, मला दाबून बघतात. घंटी वाजली की म्हणतात, ‘आहेस बाबा जागा.’ मला तेवढं पुरतं.

तर त्या दिवशी ती आली तेव्हा पापणी डोळ्यावर पार आली होती. डोळ्यामागे ठणका होता आणि पापणी वर धरली की एकाच्या जागी दोन दिसत होते. मेंदूतली एखादी धमनी, म्हणजे रक्ताची नळी, एका जागी फुगली असावी असा डॉक्टरांना संशय होता. सायकलच्या जुन्या ट्यूबला टेंगूळ येतं ना, तसं. ते फुटायच्या आत सापडायला हवं होतं.

‘डोकं अजिबात हलवायचं नाही हं. हललात की चित्र पुसट,’ ताई म्हणाल्या.

यंत्र ठकठक करू लागलं. थोड्याच वेळात मूठ आवळली. घंटी वाजली.

‘काय झालं?’ स्पीकरमधून ताईंनी विचारलं.

‘माझं बाळ रडतंय!’

‘नाही हो. बाहेर सासूबाईंच्या खांद्यावर गाढ झोपलंय. लाळेने खांदा भिजवलाय त्यांचा.’

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा घंटी. पुन्हा तेच, ‘आता तरी रडतंय ना?’ मित्रांनो, त्या ठकठकीत तिला खरोखरच रडणं ऐकू येत होतं. आईच्या कानाला कोण समजावणार? दरवेळी तिची मान दाराकडे वळायची आणि धमन्यांचं चित्र ओल्या कागदावरच्या शाईसारखं पसरायचं. मला धडकी भरली. संकटात वाजणं हे माझं काम, आणि इथे माझ्या वाजण्यानेच तिचा वेळ चालला होता.

शेवटी डॉक्टर म्हणाले, ‘नव्या पद्धतीने घेऊ. जुन्या पद्धतीत यंत्र चित्राचा कण न् कण गोळा करत बसतं. नव्यात मोजकेच कण घेतं आणि उरलेलं संगणक गणिताने भरून काढतो. लवकर आटपेल.’

‘आणि गणित चुकलं तर?’ बोगद्यातून बारीक आवाज आला.

‘शंका वाटली तर दुसरी तपासणी करू. पण तुम्ही हलू नका.’

‘आणि हे बघा,’ ताई म्हणाल्या, ‘बाळ रडलं तर मी सांगेन. मी गप्प, म्हणजे बाळ गप्प. कान माझ्याकडे द्या.’

तिने मूठ उघडली. मला उताण्या तळहातावर ठेवलं. मी त्यावर डुगडुगत होतो. दाबू नकोस, बाई, दाबू नकोस.

ठकठक एकदम थांबली.

‘इतक्यात? बंद पडलं का?’

तिने कान स्पीकरकडे लावले.

‘ताई? काही दिसलं का?’

तिने मला दाबलं, जीव खाऊन दाबलं. घंटी वाजली आणि कुणी बोललं नाही. माझ्या उभ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. काचेपलीकडे सगळ्या माना पडद्यावर वाकल्या होत्या.

मग दार उघडलं आणि डॉक्टर स्वतः आत आले. ‘सापडलंय. फुटलेलं नाही. पण आज घरी जायचं नाही.’

‘बाळाचं दूध?’ तिने पहिलं हेच विचारलं.

‘त्याचं मी बघते,’ दारातून सासूबाई म्हणाल्या. ‘तू बरी हो. मग भांड माझ्याशी.’

तिला उपचारासाठी नेलं. मी खुंटीवर लटकत राहिलो. पुढे येणारी प्रत्येक मूठ मी चाचपून बघायचो. तिची नव्हे. हीही तिची नव्हे. मी मनाशी नको नको ते धरून बसलो.

आणि एके दिवशी तोच घाम, तीच पकड!

‘पापणी चढली की हो!’ ताई म्हणाल्या.

‘चढली. तरी रोज सकाळी आरशात आधी तीच बघते,’ ती म्हणाली, आणि मला घट्ट धरून फेरतपासणीला आत सरकली.

मित्रांनो, आता माझ्या रबराला बारीक चीर गेली आहे. ती ताईंच्या रोजच्या दाबण्यातच सापडली, म्हणून बरं. माझ्या जागी नवा फुगा येईल. पण तुमच्या घरात आईच्या हाताशी असा फुगा नसतो. तिची घंटी कुणाला ऐकू येत नाही. म्हणून उद्या सकाळी, दप्तर उचलण्याआधी, तिला उजेडात उभी करा आणि दोन्ही डोळ्यांकडे नीट बघा. ‘आई, दुखतंय का काही?’ असं विचारा.

ती ‘काही नाही रे’ म्हणेल. तुम्ही पुन्हा विचारा.