बोटीचं नाक

भुपेंद्रशेठनं तलावात आणलेल्या जेटबोटीत एकच खोट होती: वेग घेतला की तिचं नाक आभाळात जायचं. मागे सहा पर्यटक, त्यांची पोटं आणि इंजिन, असा सगळा भार शेपटीला. चालवणाऱ्या उदारामला समोरचं पाणी दिसतच नसे. तो उभा राहून, मान ताणून बोट हाकायचा. आणि समोर डोंगे घेऊन हिंडायची ती त्याचीच, मासे धरणारी ढिवर माणसं. त्यात मोठी बहीण रुख्माबाई. तलावाच्या पूर्वेच्या उथळ फाट्यात तिची शिंगाड्याची वेल होती. आई गेल्यावर याच शिंगाड्यांवर तिनं उदारामला लहानाचं मोठं केलं.

श्रावणात एकदा तिचा डोंगा बोटीच्या तोंडी जाता जाता वीतभर अंतरानं वाचला.

"काऊन रे, मी तुले दिसून नाई राहिली काय?" एवढंच ती म्हणाली.

उदाराम हात धुऊन शेठच्या मागे लागला. बोटीच्या मागच्या कडेला, पाणी फेकणाऱ्या तोटीच्या दोन्ही बाजूंना बिजागरीवर हलणारे दोन पत्रे बसवायचे. बटण दाबलं की पत्रे खाली झुकतात, पाणी त्यांच्यावर आपटून शेपूट उचलतं आणि नाक खाली येतं. शेठ म्हणे, "चल तो रही है ना?" पुढे एका बाईसाहेबांच्या फोटोत तलाव न येता नुसतं आभाळ आलं, तेव्हा कुठे शेठ हलला. माणूस मरता मरता वाचला त्याचं काही नाही, फोटो बिघडला हे मात्र फार झालं.

फुलचूरहून हेमेंद्र मिस्त्री आला. त्यानं पत्रे बुडाच्या अगदी रेषेत धरले.

"बोटभर वर घे," उदाराम म्हणाला. "नाई तं उचलले तरी पाणी धरून ठेवतीन."

पहिल्या फेरीला शेठ स्वतः बसला. उदारामनं बटण दाबलं आणि अर्ध्या वेगातच बोट पाण्यावर चटईसारखी सपाट पसरली. तो आज पहिल्यांदा खाली बसून चालवत होता. आनंदानं त्याचा ऊर भरून आला, आणि तिथंच त्याला अवदसा आठवली. बहिणीला दाखवावं म्हणून त्यानं बोट पूर्वेच्या फाट्यात घातली. एरवी तिथं शेपूट गाळात रुतायची. वेलीच्या कडेनं, बहिणीच्या डोंग्यापासून लांबून त्यानं ती झोकात वळवली.

"बाई, दिसून राहिली नं तू!" तो ओरडला. ती हसली. फुशारकीच्या भरात तो शेठला म्हणाला, "शेठ, अब तो घुटनेभर पानी में भी ले जाता हूँ!"

शेठ कामाचं तेवढं नेमकं ऐकतो. आठवड्यात फलक लागला, 'कमल सफारी', पूर्वेच्या फाट्यातून. कमळं मोजून चार. पण शिंगाड्याची वेल बोटीच्या बुडाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीत अडकते, इंजिन तापतं, तेव्हा वेल काढा, असा शेठचा हुकूम. तलाव समितीनं मान डोलावली. शिंगाडे भरायला पंधरा दिवस उरले होते.

उदाराम हात जोडायला गेला.

"तूने ही तो बोला था," शेठ म्हणाला. "नहीं चलाना, तो चाबी रख दे."

त्यानं चावी ठेवली नाही. घरी जाताना ती खिशात घट्ट धरून होता, याची त्याला आजही लाज वाटते.

रुख्माबाई कंबरभर पाण्यात उभी राहून आपल्याच हातानं वेल उपटत होती. कोवळे शिंगाडे पाण्यावर पसरले होते. उदाराम शेजारी उतरला.

"तू कायले आला? जाय. पॅसेंजर बसून राहिले तुहे."

तो गेला. दुसरं काय करणार होता?

दिवाळीत सफारीला रांग लागली. फाट्यात शिरताना रायपूरच्या एका पाहुण्यानं विचारलं, "यहाँ पहले क्या था, भैया?"

"कुछ नहीं साहब," उदाराम म्हणाला. "कीचड़ था."

मागून पोरं ओरडली, "और तेज! और तेज!" त्यानं वेग वाढवला.