लायोनेलचा फर्मा

गिऱ्हाइकाच्या पायाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा नॉर्थॅम्प्टनच्या विल्फ्रेड टेबटच्या दुकानातला बापापासूनचा दंडक. पाय वाढला, तर त्या गिऱ्हाइकाच्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या मापाच्या लाकडी साच्यावर, चामड्याचा पातळ थर चिकटवायचा, त्यावर नवा बूट शिवायचा आणि वर म्हणायचं, "जुनं चामडं आटलं हो!"

लायोनेल गॅरड तर त्याचा जिवाभावाचा मित्र, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा. ऑर्गनच्या पट्ट्या पायांनीही दाबायच्या, म्हणून त्याला बूट अगदी मापात बसणारे लागत. पन्नाशीच्या माणसाचा पाय वाढतो कसा, हे विल्फ्रेडला कळेना. पण विचारणार कोण? दरवर्षी एक थर चढत गेला. लायोनेलचं नाक फुगलं, जबडा पुढे आला, बोटं जाडजूड झाली, तरी विल्फ्रेड आपला गप्प. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच!

डोकं ठणकायला लागलं, स्वरलिपीच्या वहीतले कडेचे सूर दिसेनासे झाले, तेव्हा लायोनेल डॉक्टरकडे गेला. संध्याकाळी पबमध्ये हसत हसत सांगत होता, "डॉक्टर विचारतो, बुटाचं माप वाढलंय का? म्हटलं, छे! बूट माझा मित्र शिवतो. वाढलं असतं तर बोलला नसता?"

विल्फ्रेडही हसला. अरे, तेव्हा तरी बोलायचंस ना मेल्या!

डॉक्टरने चष्मा बदलून दिला. मेंदूच्या तळाच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ आहे, हे दीड वर्षाने कळलं. हाडं वाढवणारा रस तीच सोडत होती आणि डोळ्यांच्या नसाही तीच चेपत होती. ऑपरेशनने जीव वाचला. दृष्टी गेली ती गेलीच.

ऑपरेशननंतर एका मंगळवारी बायकोचा, एनिडचा हात धरून लायोनेल दुकानात आला.

"विल्फ, बूट ढिले होतात रे. सूज उतरली ना."

विल्फ्रेडने फर्मा बाकावर ठेवला आणि थर सोलायला सुरी शोधू लागला. चाचपडत लायोनेलचा हात फर्म्यावर पडला. कोरलेल्या नावावरून बोटं पुढे सरकली, थरांची एकेक कड मोजत गेली.

"सात," तो म्हणाला. "विल्फ, हे काय आहे?"

विल्फ्रेडच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जुनं चामडं आटतं रे..."

लायोनेलने फर्म्यावरचा हात हळूच काढून घेतला.

"त्या दिवशी पबमध्ये तू हसलासही," तो म्हणाला. "एनिड, चल घरी."