बंपरपुढची जागा

मागच्या चाकांचे ब्रेक बदलून रघोजीला काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवू. कुणाची बाजू घ्यायची ते मग ज्याचं त्याने ठरवावं.

बेंगळूरच्या जुन्या मोटारींच्या मंडळात रघोजी सभासद होता आणि कायम शेवटच्या खुर्चीवर बसायचा. पुढच्या खुर्च्यांवरची माणसं मोटारी घेऊन निलगिरीचा घाट चढून यायची आणि जेवताना ब्रेकवर बोलायची. रघोजीकडे बोलायला काही नव्हतं. गाडी होती, वडिलांची, विलायती एमजी, दोन माणसांची, उघडी, लिंबाच्या सालीसारखी पिवळी. पण ती होती तंजावुरात, आणि तिच्या मागच्या चाकांना जन्मापासूनचे ड्रम ब्रेक होते. ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. लांब उतारावर ते आतल्या आत तापतं आणि मग धरेनासं होतं. डिस्क म्हणजे उघडा तवा. वारा लागतो, निवतो. ‘मागेही डिस्क आहेत’ एवढं म्हणता आलं असतं, तर रघोजी दोन खुर्च्या पुढे सरकला असता. त्यातून मंडळाचे अध्यक्ष रघोजीच्या मुलाच्या, कार्तिकच्या, लग्नाला तंजावुरास यायचे होते. म्हणजे चाकांत वाकून बघायला ते स्वतःच येणार.

लाभ एवढाच. दोन खुर्च्या.

आता गाडीचं. ती तंजावुरात घाट चढत नव्हती, नवरदेव वाहत होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्यामुलाला उघड्या मोटारीत बसवून, पुढे नादस्वरमची सनई आणि तविलचा ढोल लावून, देवळापासून मंडपापर्यंत मिरवत नेतात. त्याला इथे जानवासम म्हणतात. सांबार आम्ही या लोकांना दिलं, असं आमची तंजावरी मराठी माणसं परक्यांना अगत्याने सांगतात. जानवासम आम्ही त्यांच्याकडून घेतलं, हे कुणी सांगत नाही. आमच्या कुळातला प्रत्येक नवरदेव या पिवळ्या गाडीच्या दुमडलेल्या टपावर गादी टाकून, पाय सीटवर ठेवून, म्हाताऱ्या गाईच्या चालीने मंडपात गेला आहे.

आणि प्रत्येकाला नेलं ते रघोजीच्या थोरल्या बहिणीने, कामाक्षीने.

वडील, डॉक्टर वेंकटराव, यांनी गाडी मुलाला शिकवायला घेतली होती. “रघू क्लच सोडताना डोळे मिटतो,” असं म्हणून आठवड्यात सोडून दिली आणि शेजारी मुलीला बसवलं. कामाक्षी पुढे मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. घरच्या बैठकीत तिचं मत कुणी विचारत नसे. जमीन कुणाला खंडाने द्यायची ते काका ठरवत, लग्नं भाऊ ठरवत. फक्त जानवासमच्या संध्याकाळी सगळे तिच्या तोंडाकडे बघायचे. ती म्हणाली निघा की निघायचं, ती म्हणाली थांबा की नादस्वरमवाल्यानेही थांबायचं. “कामाक्षी अक्का चालवते ना? मग आरतीच्या ताटातलं पाणीसुद्धा हलणार नाही,” असं पापनाशमपर्यंत बोललं जाई. तिच्यापाशी मानाची जागा तेवढी एकच होती, स्टिअरिंगमागची. तीसुद्धा कुणी दिलेली नव्हती. तिने चालवून चालवून मिळवलेली होती.

तंजावूर सगळं सपाट. पण वेंकटरावांचं घर कालव्याच्या पुलावरून खाली उतरणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि मिरवणूक घरासमोर थांबलीच पाहिजे, कारण तिथे नवऱ्यामुलाला आत्या आरती करते. कार्तिकची आत्या म्हणजे कामाक्षीच. एकच बाई ड्रायव्हर आणि तीच आत्या. तिने गाडी न्यूट्रलवर ठेवायची, हँडब्रेक ओढायचा, उतरायचं, ताट घ्यायचं. इंजिन बंद करायचं नाही. तापलेलं असताना बंद केलं की ते पुन्हा चालू व्हायला नखरे करतं.

रघोजीने लग्नाच्या आठवड्यात गाडी मेस्त्रीकडे नेली आणि जानवासमच्या दुपारी परत आणली. चाकांच्या आरांमधून नव्या डिस्क चकाकत होत्या.

“चालवून बघ, अक्का. लोण्यात सुरी,” तो म्हणाला.

“लोणी मला नको,” कामाक्षी म्हणाली. “मला गाय चालवायची आहे. बाबांचे ड्रम काय वाईट होते?”

“तुला नाही कळायचं. हे सेफ्टीसाठी असतं. संध्याकाळी माझा मुलगा वर बसणार आहे.”

तिने रस्त्यावर एक फेरी मारली. पेडल दाबलं, गाडी जागच्या जागी उभी राहिली. हँडब्रेकही ओढून पाहिला, कडकड वाजत वर आला आणि हाताला घट्ट लागला. सपाट रस्त्यावर याहून जास्त काय कळणार?

संध्याकाळी मिरवणूक पूल ओलांडून घरापाशी आली. अध्यक्ष महाशय सफारी घालून गाडीच्या बाजूने चालत होते आणि रघोजी त्यांना चाकं दाखवत होता. कामाक्षीने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, पदर खोचून उतरली. नादस्वरमची मंडळी रिवाजाप्रमाणे नवऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे उताराकडे पाठ करून. तविल वाजवणारा कलियपेरुमाळ बरोबर बंपरसमोर. कामाक्षीने ताट हातात घेतलं, हळदी-चुन्याचं तांबडं पाणी, मधे कापूर. पहिला फेरा झाला असेल, तोच तिला दिसलं की नवऱ्यामुलाचे पाय पुढे चालले आहेत.

कार्तिक ओरडला, पण नादस्वरमच्या पुढे माणसाचा आवाज काय पोचणार? कामाक्षीने ताट टाकलं, धावली, दारावरून अर्धी आत लोंबली आणि तळहाताने पेडल दाबलं. ब्रेक लागले, आणि लागले ते खरोखर लोण्यात सुरीसारखे. उडी मारायला अर्धा उठलेला कार्तिक काचेवरून बॉनेटवर आपटला. कलियपेरुमाळने गळ्यातला पट्टा काढून बाजूला उडी घेतली होती. त्याचा तविल पुढच्या चाकाखाली सापडून पिकल्या फणसासारखा दुभंगला. बॉनेटवरचं तांबडं पाणी बायकांना रक्तच वाटलं. रक्त नव्हतं. कार्तिकचं मनगट मोडलं होतं.

मंडपात टिफिनच्या पंगतीत निकाल लागून गेला. इडलीबरोबर वाढलाच म्हणा ना. हँडब्रेक लावायला विसरली. वय झालं. बाईमाणसाच्या हाती गाडी देतातच कशी. सर्वांत मोठा आवाज भुवनाचा, कार्तिकच्या आईचा, आणि तिला कोण बोलणार? मुलाचा हात फळीला बांधलेला.

“अक्का, तुम्हाला काय कमी केलं होतं आम्ही,” ती म्हणाली. “एक दांडी ओढायची होती. एक.”

“मी ओढली होती, भुवना.”

“मग गाडी काय भुताने ढकलली?”

इथे रघोजीने तोंड उघडलं. त्याने बहिणीवर आरोप केला नाही, हे नोंदवायला हवं. तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि अध्यक्षांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, “जाऊ दे, अक्का. होतं असं. मी मनात ठेवणार नाही.”

शिवी दिली असती तर कामाक्षीने गिळली असती. ही माफी तिच्या घशाखाली उतरेना. तिने त्याचा हात खांद्यावरून उचलला, पानावरचा नको असलेला पदार्थ बाजूला करावा तसा, आणि घरी निघून आली.

सकाळी मुहूर्ताला जाण्याआधी घरची माणसं ओट्यावर कॉफी पीत होती. काका श्रीनिवासराव, रघोजी, भुवना. गाडी समोर उतारावर होती, चाकांपुढे दोन मोठे दगड. कामाक्षी कोऱ्या रेशमी साडीत गाडीखालून बाहेर आली, कोपरांना ग्रीस लागलेलं.

“रघू, इकडे ये. हँडब्रेक ओढ.”

“आज लग्न आहे, अक्का.”

“म्हणून तर. ओढ.”

त्याने वाकून ओढला. कडकड वाजला.

“घट्ट?”

“हं.”

“आता पुढे उभा राहा. बंपरला पाठ लावून, काल कलियपेरुमाळ होता तिथे. मी दगड काढते.”

रघोजी हसला. “हा काय पोरखेळ.”

“उभा राहा रे एक क्षण,” श्रीनिवासराव कॉफी निववत म्हणाले. “तिचं समाधान होऊ दे. तुझं काय जातं?”

“नवी वेष्टी नेसलोय, काका. खाली चिखल आहे.”

चिखल नव्हता. कित्येक दिवसांत पाऊस नव्हता. श्रीनिवासरावांनी रस्त्याकडे पाहिलं, रघोजीकडे पाहिलं. काकांचा स्वभाव असा की भांडण मिटवायचं तर स्वतः मधे जाऊन बसायचं. त्यांनी टंबलर खाली ठेवला, काठी टेकत उतरले आणि बंपरला पाठ लावून उभे राहिले.

“मी राहतो उभा. काढ गं दगड. झालं की मंडपात जाऊ, पोटात कावळे ओरडताहेत.”

कामाक्षी एका दगडापाशी वाकली. दगडाला हात लावला.

“काका, तिथून हला,” रघोजी म्हणाला.

कुणी हललं नाही.

“का?” हे भुवनाने विचारलं. “का हलायचं काकांनी?”

“हला म्हणतो ना.”

“दांडी तुम्हीच ओढलीत आत्ता. घट्ट आहे म्हणालात. मग का हलायचं?”

रघोजीने काकांना दंडाला धरून बाजूला केलं. मग त्याला बोलावंच लागलं. बोलला ते सगळं असं: नव्या डिस्कना हँडब्रेकची वेगळी पकड लागते, ती बाहेरून यायची होती, लग्नाच्या आत येत नव्हती. मेस्त्री म्हणाला थांबा, नाहीतर ड्रम परत बसवतो. अध्यक्ष तर याच आठवड्यात येणार होते. तेव्हा रघोजीने केबलचं टोक तारेने आसाला बांधून घेतलं. लोंबू नये म्हणून, म्हणे. दांडी वर येत होती, हाताला घट्ट लागत होती, पण चाक धरलं जायचं सोडून नुसती तार ओढली जात होती.

“जानवासमला काय, ड्रायव्हरचा पाय पेडलवर असतोच,” तो म्हणाला. “मला वाटलं ड्रायव्हर बसून राहील.”

“ड्रायव्हर बसलाच असता,” कामाक्षी म्हणाली. “आत्या उतरली. या घरात वाढलास, तीस वेळा ही आरती पाहिलीस. आत्या कोण आणि ड्रायव्हर कोण, एवढी बेरीज तुला येत नाही?”

“सांगितलं असतं एका शब्दाने,” श्रीनिवासराव म्हणाले.

“सांगितलं असतं तर अक्काने गाडी काढलीच नसती.”

हे मात्र त्याने खरं सांगितलं. दिलेल्या कारणांतलं पहिलं.

भुवना जागची उठली नाही. कॉफीवर साय धरली तरी तिने कप तोंडाला लावला नाही. “माझा मुलगा वर बसला होता,” ती म्हणाली, आणि मग हळू, नवऱ्याकडे न बघता, “काल टिफिनला तुम्ही यांना माफ केलंत. सगळ्यांदेखत.”

“भुवना, आता मुहूर्त—”

“पोदुम,” ती म्हणाली. पुरे.

मंडपात जायला रघोजीने मोठी गाडी बोलावली होती. भुवना तिच्यात बसली नाही. रस्त्यावरची ऑटो थांबवून ती कामाक्षीशेजारी बसली, आपल्या रुमालाने तिच्या कोपराचं ग्रीस पुसत राहिली. मंडपातही कुणाला काही सांगायचं नाही, असं श्रीनिवासरावांनी बजावलं. शुभकार्य आहे. नंतर बघू.

नंतर सगळ्यांना कळलंच. आमच्यात कळायचं राहत नाही. पण कळलं म्हणून निकाल फिरतो असं कुणी सांगितलं? पहिल्या पंगतीला वाढलेलं पान कुणी परत घेत नाही. ‘चूक रघूचीच हो’ असं म्हणून लोक जरा थांबत, आणि पुढे म्हणत, ‘तरी पण पोरगं वर बसलेलं असताना बाईने उतरायचं कशाला?’ गेल्या कैक वर्षांत चुलत भाच्यांच्या आरतीला ती प्रत्येक वेळी उतरली होती, आणि उतरली नसती तर आरतीवाचून मिरवणूक पुढे गेली म्हणून हीच तोंडं वाजली असती.

पुढच्या मुहूर्तांत पापनाशमच्या, नात्यातल्या वासुकीच्या मुलाचं लग्न निघालं. वासुकी स्वतः आमंत्रणाला आली. कामाक्षीला कुंकू लावलं, ब्लाउजपीस दिला, आणि उठता उठता म्हणाली, “अक्का, गाडी पाठवा बरं का. ड्रायव्हर आम्ही बघतो.”

“का गं? मला काय झालं?”

“तुम्ही पाहुण्यासारख्या निवांत या ना. किती दिवस राबायचं.”

आता कुणी काय भरलं ते बघू. मंडळ घाटात गेलं, रघोजीही गेला, हँडब्रेकची पकड तोवर येऊन बसली होती. आता तो पुढून दुसऱ्या ओळीत बसतो. कार्तिकने अंतरपाट दूर झाल्यावर एका हाताने हार घातला, आणि ते मनगट अजून गार पाण्यात ठणकतं. कलियपेरुमाळला भुवनाने रघोजीच्या मागे लागून नवा तविल घेऊन दिला. वाजतो, पण अजून बोलत नाही, असं तो म्हणतो. भुवना नवऱ्याच्या गाडीत मागे बसते. कामाक्षीने पापनाशमला आरतीच्या बायकांत उभं राहून पाहिलं, पिवळी गाडी एक भाड्याचा पोरगा चालवत होता आणि ताटातलं पाणी हिंदकळत होतं. तिची जागा गेली, खरी ठरूनही गेली.

रघोजीकडे मागितलं होतं ते इतकंच की गाडीपुढे एक क्षण पाठ करून उभा राहा. ते त्याने अजून दिलेलं नाही.