लाभ, दोन, तीन

विजयमालाचा आवाज मध्य प्रदेशातल्या तिगावच्या बगीच्यांत सगळ्यांच्या ओळखीचा होता. संत्र्याची तोडणी सुरू झाली की ती ढिगाजवळ बसायची आणि मोजणी पुकारायची. पहिल्याला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, ही तिथली जुनी रीत. तिनं 'लाभ' म्हटलं की क्रेट भरणाऱ्या बाया 'दोन' म्हणायच्या, मग तिनं 'तीन'. रेल्वे फाटकावरच्या माणसालाही कळायचं, आज कुठे तोडणी आहे ते.

हीच बाई माइक दिसला की मुकी व्हायची. मागच्या वर्षी सौसरच्या मेळाव्यात तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. ती एकच बोलली, 'नमस्कार', आणि खाली बसली. तेव्हापासून गावानं तिचं नाव 'नमस्कारबाई' ठेवलं. नावं ठेवण्यात गाव भलतंच उदार होतं.

यंदा मात्र हसण्यावारी नेता येणार नव्हतं. ती अध्यक्ष असलेल्या बचत गटाच्या बाया उघड्यावर, उन्हात माल निवडायच्या. दुपारपर्यंत संत्री मलूल व्हायची, आणि बायाही. जिल्ह्यातून एकाच गटाला सरकारकडून शेड बांधून मिळणार होतं. शेवटी उरले दोन गट, तिगावचा आणि लोधीखेड्याचा. दोन्ही गटांच्या अध्यक्षांनी पांढुर्ण्याला साहेबांपुढे पाच-पाच मिनिटं बोलायचं, मग निकाल.

नवरा विनोद तिचा गुरू झाला. त्याचं स्वतःचं जाहीर बोलणं लग्नातल्या उखाण्यापलीकडे गेलं नव्हतं, पण शिकवायला ते पुरेसं आहे असं त्याला वाटे. त्यानं माइक म्हणून तिच्या हातात लाटणं दिलं. पुतणी हिमानीनं शुद्ध हिंदीत भाषण लिहून दिलं. विजयमालानं आठ दिवसांत ते पाठ केलं, आणि तेवढे दिवस घरात पोळ्या वाकड्यातिकड्या झाल्या.

"समोरचे लोकं म्हंजे झाडं समज," विनोद म्हणाला.

"झाडं मले घड्याळ दाखवत नाईत," ती म्हणाली.

सभागृहात आधी लोधीखेड्याची करुणा बोलली. न अडखळता, हसून, वेळेत. टाळ्या पडल्या. मग विजयमाला माइकपुढे उभी राहिली आणि आठ दिवसांची हिंदी कुठल्या कुठे गेली. यंदा तर नमस्कारही फुटेना. मागच्या रांगेत तिच्या गटाच्या बाया मान खाली घालून बसल्या, आणि ते पाहून तिला रडू यायला लागलं.

टेबलावर तिच्या गटानं नमुना म्हणून आणलेलं, सकाळच्या आणि दुपारच्या संत्र्यांचं क्रेट होतं. हाताला काहीतरी आधार हवा म्हणून तिनं एक संत्रं उचललं. हाताला सवय, तोंडालाही.

"लाभ!"

सभागृह दचकलं. मागून बायांनीही सवयीनंच उत्तर दिलं, "दोन!"

विजयमालाच्या जिवात जीव आला. "हे पाहा साहेब," ती माइक बाजूला सारत म्हणाली, "हे सकाळी निवडलेलं. अन् हे तीन नंबरचं, दुपारी उन्हात पडलेलं. दाबून पाहा. व्यापारी हेच वापस फेकते. आमी बाया दिवसभर याच उन्हात बसून राहिलो. संत्र्याचं तुमाले दिसते, आमचं कोनाले दिसत नाई." मागून "चार!" आलं. साहेबांनी संत्रं दाबलं आणि बोट आत गेलं.

"पाच मिनट हो गए, बहनजी," कोणीतरी घड्याळ दाखवलं.

"मोजनी मधात थांबवत नाईत," तिनं त्याला बसवलं.

क्रेट रिकामं झालं तेव्हाच ती उतरली. संध्याकाळी तिथंच निकाल लागला, शेड तिगावला. बाया तिच्या गळ्यात पडून रडल्या, हसल्या. विनोदचेही डोळे भरले, पण गुरूला चूक काढल्यावाचून राहवेना.

"सारं बोलली विजू, पन साहेबाले नमस्कारच नाई केला तुनं!"

विजयमालानं जीभ चावली. आली तशी मागे फिरली, स्टेजवर चढली, माइक हातात घेतला आणि खणखणीत 'नमस्कार' घातला. मग आणखी वीस मिनिटं ती काही खाली उतरली नाही.